आधी वास, मग घोट

आमच्या घरात गॅसवर कॉफी असताना बोलायला बंदी होती. दाराशी पोस्टमन आला तरी त्याला खुणेनंच थांबवायचं. एकदा दूधवाल्यानं "ताई, भांडं!" म्हणून हाक दिली, तर आबा ओठांवर बोट ठेवून बाहेर आले आणि त्याच्या कानाशी लागून म्हणाले, "हळू. ती बोलतेय अजून." दूधवाल्याला वाटलं, घरात कुणी शेवटच्या घटका मोजतंय. दुसऱ्या दिवशी त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "आजीबाई कशा आहेत आता?"

आबा म्हणजे माझे सासरे. आणि 'ती' म्हणजे त्यांची अॅल्युमिनियमची उंच किटली. ते तिला 'पर्कोलेटर' म्हणत. माझ्या सासूबाई मी या घरात येण्याआधीच गेल्या होत्या, पण त्या तिला 'माझी सवत' म्हणत, असं शेजारच्या बायकांनी मला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं.

या सवतीच्या पोटात एक नळी, नळीच्या टोकाला भोकांची डबी आणि डबीत जाडसर कॉफी. खालचं पाणी तापलं की नळीतून वर उडायचं, कॉफीवर सांडायचं, गळून खाली यायचं आणि पुन्हा वर उडायचं. झाकणाच्या टोकाला काचेचं बोंड होतं. त्यात पाण्याचा रंग दिसायचा, आधी पांढरा, मग पिवळट, मग तपकिरी. आबा त्या बोंडाकडे टक लावून उभे राहत. आवाज 'गुडूप गुडूप' वरून 'गुडगुड' वर आला की गॅस बंद करत. तो क्षण चुकला की सगळी कॉफी मोरीत. त्यांचं म्हणणं, चहा कुणीही करतं, त्याला फक्त उकळी लागते.

हे सगळं जळगावात, ऐंशीच्या दशकात. आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी, मग चहा, मग 'कसं काय येणं केलं'. चहा कसा, तर चमचा उभा राहील इतका गोड. त्या मुलखात आमच्या मेहरूणच्या दोन खोल्यांत काळी, बिनदुधाची कॉफी मिळायची, आणि तीही पाहुणा अर्धा तास मुक्यानं बसला तर. मी धुळ्याची. माहेरी 'सासर कसं आहे' असं विचारलं की मी दागिन्यांबद्दल सांगायची, घराबद्दल सांगायची, कॉफीचा विषय येऊ द्यायची नाही.

आबा पाटबंधारे खात्यात सर्व्हेअर होते. उमेदीची वर्षं सातपुड्याच्या पायथ्याला तंबू ठोकण्यात गेली. तिथल्या कुणा दाक्षिणात्य इंजिनियरसाहेबानं बदली होऊन जाताना ही किटली त्यांना दिली. आबा सांगत, "पहाटे कॅम्पवर चुलाण्यावर ही चढली की तंबूतंबूतून माणसं नाकानंच बाहेर यायची. हाक मारावी लागत नसे." निवृत्तीनंतर भुसावळच्या रेल्वे कॉलनीतल्या एका गार्डाकडून ते बिया आणत आणि खलबत्त्यात स्वतः कुटत. कूट लापशीच्या रव्याएवढं जाड हवं. पीठ झालं तर भोकांतून गळतं, म्हणून पुन्हा नवा घाणा.

एवढ्यावर भागलं असतं तर मी काही बोलले नसते. पण कप हातात दिला की परीक्षा सुरू व्हायची. "आधी वास, मग घोट," आबा म्हणायचे. पाहुण्यानं वास घ्यायचा आणि कसा आहे ते सांगायचं. "छान आहे," असं कुणी म्हटलं की ते चिडत. "छान हा काही वास नाही. नीट सांगा. भाजक्या शेंगदाण्याचा? ओल्या लाकडाचा? गुळाचा?" मग बिचारा पाहुणा कपात नाक खुपसून काहीतरी आठवायचा प्रयत्न करायचा. शेजारच्या लीलाक्कांनी एकदा घाबरून "रॉकेलचा" असं सांगितलं. त्या नंतर वर्षभर आमच्याकडे आल्या नाहीत.

दोंडाईच्याला माझ्या मावसबहिणीचं लग्न होतं. आबा पिशवीत किटली घेऊनच आले. आचाऱ्याच्या भट्टीपाशी जाऊन त्याला म्हणाले, "वरण जरा उतरवता का? आमची ही चढवायची आहे." वरपक्षाच्या पंगती खोळंबलेल्या, आचारी हातात झारा घेऊन उभा, आणि माझे सासरे सगळ्यांना गप्प बसायची खूण करतायत. वाजंत्रीवाल्यांनाही. माझ्या माहेरची सगळी मंडळी माझ्याकडे बघत होती. जमीन दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं, असं वाटलं. माझे मिस्टर, विजय, अशा वेळी हमखास कुठेतरी नाहीसे होत.

पण खरी लाज पुढेच होती.

मला सातवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून माझे वडील, नाना, आणि चुलते भाऊकाका मला न्यायला आले. मुलीकडची माणसं जावयाच्या घरी कशी बसतात ते ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. खुर्चीच्या कडेवर. दिलं तर खायचं, न दिलं तर मागायचं नाही, आणि जे दिलं ते उत्तम. विजय कामावर होते. मी आत बॅग भरत होते. स्वयंपाकघरात किटली बोलत होती, म्हणजे बाहेर शांतता.

भरता भरता मला शिकेकाईचा वास आला. वाटलं, शेजारी कुणी न्हायला बसलंय. वास वाढला. त्यात नागरमोथाही जाणवायला लागला, आणि नागरमोथा घातलेली शिकेकाई त्या गल्लीत फक्त माझी होती. रिठे, शिकेकाई, नागरमोथा, सगळं मीच कुटून डब्यात भरलं होतं. डबा कॉफीचा, आबांनीच रिकामा करून दिलेला.

मी दारापर्यंत आले तोवर कप हातांत गेले होते.

"आधी वास," आबा म्हणाले.

नानांनी वास घेतला. त्यांची नजर माझ्याकडे गेली आणि भुवई जराशी हलली. गप्प बैस, असा तिचा अर्थ होता. मग ते म्हणाले, "वास तर आबा... एकदम स्वच्छ शे."

"स्वच्छ!" आबा खूश झाले. "हे आजवर कुणी म्हटलं नव्हतं. आता घोट."

माझ्या वडिलांनी शिकेकाई प्यायली. चेहऱ्यावरची सुरकुती हलू न देता, दोन चमचे साखर घातलेली शिकेकाई. भाऊकाकांनी तर व्याह्यांचा मान राखायचा म्हणून एका दमात संपवली. "काय सांगू तुमले आबा," ते डोळे पुसत म्हणाले, "डोकं बठ्ठं हलकं व्हई गयं."

"आणखी देऊ?"

आता नाही कसं म्हणणार? मुलीच्या सासऱ्याचा आग्रह. "अर्धा कप टाका," काका म्हणाले, आणि तोही संपवला.

मी किटली उचलून मोरीवर पळाले. झाकण काढलं तर फेस भसाभसा वर आला. काचेच्या बोंडात फेस, नळीत फेस, माझ्या हातांवर फेस. रडावं की हसावं ते कळेना. मागून आबा आले. "काय झालं? का नेलीस?"

"आबा, डबा बदलला," मी म्हटलं.

त्यांनी ओट्यावरचा डबा उचलला, आत नाक घातलं आणि लांब श्वास घेतला. दोन हातांवरून माझे डोळे चुरचुरत होते इतका तो वास उग्र होता. आबांनी डब्यातून तोंड वर काढलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"काय आहे यात?" त्यांनी हळूच विचारलं.

मला एकदम सगळं कळलं, आणि त्यांनाही कळलं की मला कळलं. "शिकेकाई," मी म्हणाले.

"आणि त्यांनी प्यायली?"

"काकांनी दीड कप."

मला वाटलं हसतील. ते खाली पाटावर बसले. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले होते. इतका शरमलेला म्हातारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि तो तसा दिसू नये म्हणून कुठे बघावं ते मला समजेना.

मग त्यांनीच सांगितलं. काही वर्षांपूर्वी मेहरूणच्या तळ्याच्या रस्त्यावर सायकलवरून पडले होते, डोक्याच्या मागे लागलं होतं. जखम भरली, वास गेला तो गेला. सासूबाई तेव्हा होत्या, पण त्यांनाही सांगितलं नव्हतं. त्याआधी घरात लोणचं बुरसलं की पहिल्यांदा आबांना कळायचं, विकतचं तूप त्यांच्या नाकाखालून गेल्याशिवाय घरात येत नसे. तो माणूस कुणाला काय सांगणार?

"मग कॉफी कशाला करता?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण तोंडून गेलं.

"तुम्ही लोक सांगता ना, शेंगदाण्यासारखा, गुळासारखा," ते म्हणाले. "तुम्ही सांगता तेवढाच मला मिळतो."

बाहेर भाऊकाका खाकरत होते.

"विजयला सांगू नकोस, पोरी. त्याला कळलं तर तो मला गॅसपाशी उभं राहू देणार नाही. त्याचं चुकणारही नाही. पण मग मी दिवसभर करायचं काय?"

आता गॅस गळला तर यांना कळणार नाही, हे मलाही दिसत होतं. आणि मी तर तीन-चार महिन्यांसाठी चालले होते. मी म्हटलं, "एक काम करा. अंगणात कोळशाची शेगडी आहे, तिच्यावर करा. गॅसला हात लावणार नसाल, तर मी कुणाला काही सांगणार नाही." त्यांनी मान हलवली. थोड्या वेळानं बाहेर जाऊन पाहुण्यांना ठणकावून सांगताना मी ऐकलं, की गॅसवरची कॉफी म्हणजे कॉफीच नव्हे, कॅम्पवर सगळं निखाऱ्यावर चालायचं आणि उद्यापासून तसंच चालणार.

एरंडोल मागे पडल्यावर एसटीत नाना म्हणाले, "तुन्हा सासरा देवमाणूस शे." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पन पुढला टाइमले आम्ही जेवीनच येसूत."

धुळ्याला मला मुलगी झाली. बारशाला आबा आले. ओसरीवर बायकांची गर्दी. बाळ या हातातून त्या हातात जात होतं, आणि जी ती टाळूला नाक लावून "अगं बाई, काय गोड वास!" म्हणत होती. फिरत फिरत बाळ आबांच्या हातात आलं. "घ्या आबा, नातीचा वास घ्या," कुणीतरी म्हणालं. सगळ्यांसमोर त्यांनी मान खाली घातली, मोठा श्वास घेतला आणि "वा!" म्हणाले. बायका हसल्या. मी पदराशी चाळा करत राहिले.

पानं वाढली तशी ओसरी रिकामी झाली. मी बाळाला घ्यायला गेले. आबांनी ते दिलं नाही. खाली बघत, मागू नये ते मागावं तसं म्हणाले, "सुनंदा, कसा येतो गं?"

मी वाकून टाळूचा वास घेतला. "दुधाचा," मी म्हटलं. "थोडा आंबूस. खोबरेल तेलाचा. धुरी दिली होती, त्यातल्या ओव्याचा."

"बस?"

आणखी एक वास होता. पण तो सासऱ्याला कसा सांगायचा? माझे कान तापले. नजर जमिनीकडे ठेवूनच मी म्हणाले, "आणि त्याच्या खाली... यांच्या मानेपाशी येतो ना, तसाच."

म्हणून टाकलं, आणि पळून जावंसं वाटलं. बाळ आबांच्या हातात चुळबुळत होतं.

"विजयच्या," ते म्हणाले. "मानेच्या मागे, केसांपाशी. हो. लहानपणीही यायचा. तो माझ्या लक्षात आहे."

मग त्यांनी डोळे मिटून पुन्हा बाळाच्या टाळूला नाक लावलं. आतून जेवायला हाका येत होत्या. मी दारात उभी राहिले आणि आत कुणालाच येऊ दिलं नाही.