चौकशीची दाढी

बापूचे गाल गुळगुळीत दिसले, की आमच्या गावात कुणाचं तरी लग्न ठरत आलंय असं खुशाल समजावं. एरवी त्याची दाढी आठ-आठ, दहा-दहा दिवस वाढलेली असायची आणि ती मुद्दाम वाढवलेली असायची. स्थळाची चौकशी करायला बापू परगावी गेला, की थेट तिथल्या सलूनमध्ये खुर्चीत बसायचा. गालाला फेस लावून घ्यायचा आणि तो वाळायच्या आत, मुलाच्या चुलत्यानं कुणाचा बांध कोरला इथपासून मुलाची आई सुनेला नांदवेल की नाही इथपर्यंत सगळं काढून घ्यायचा. "दाढी म्हंजी आपलं तिकीट हाये," तो म्हणायचा. "तिकिटाबिगर आत कोण घील?"

बापू निमगाव सावाचा, आमचा शेजारी. साखर कारखान्यात काट्यावर कारकुनी करून निवृत्त झालेला. उसाची गाडी काट्यावर चढली, की आधी गाडीवानाचं तोंड बघायचं आणि मग आकडा, ही तिथली सवय. भावकीत कुणाच्या पोरीला स्थळ आलं की बापूला सांगावा जायचाच. परगावी तो कधी कांद्याचं बी घ्यायला आलेला असायचा, कधी शेळी बघायला. एकदा सोंग वठवता वठवता खरंच शेळी घेऊन आला. स्थळ मोडलं, शेळी राहिली.

त्याचं स्वतःचं लग्न मात्र झालं नाही. पाठच्या बहिणी उजवायच्या होत्या आणि एकेकीसाठी बापूनं इतक्या ठिकाणी दाढ्या केल्या, की त्या सगळ्या चांगल्या घरी पडेपर्यंत याचे केस पिकले. मग कुणी विषय काढला नाही आणि यानंही काढला नाही.

या सगळ्यात दुखावला होता तो आमच्या गावचा रंगनाथ. एस.टी.च्या थांब्याला लागून त्याचं सलून. बापू रोज त्याच्या दारावरून जायचा, पण खुर्चीत कधी बसला नाही. गावात दाढी केली तर तिकीट फुकट गेलं, हा बापूचा हिशोब. "साऱ्या तालुक्याच्या वस्तऱ्याखाली गाल देतो, अन् आमच्या फेसाला काय वास येतो का?" असं रंगनाथ गिऱ्हाइकागणिक विचारायचा. गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा असल्यामुळं कुणी उलट बोलत नसे.

गावोगाव सायबर कॅफे निघाले त्या दिवसांतली ही गोष्ट. मी नारायणगावात असाच एक कॅफे चालवायचो. गिऱ्हाईक नसलं की चॅटवर बसायचो. तिथं संगमनेरच्या प्रशांतशी माझी दोस्ती झाली. वर्षभर आम्ही रोज बोललो आणि एकमेकांना पाहिलं होतं ते फक्त फोटोत. त्याला खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या अजस्र अँटेना बघायच्या होत्या. मी म्हटलं, ये, आमच्याकडंच उतर.

आईनं हे बापूच्या कानावर घातलं. तो तडक कॅफेत हजर.

"संज्या, ह्यो पावणा कोण? कुणाचा? घरी कोण कोण?"

"बापू, वर्षाची ओळख आहे. हा बघा फोटो."

"फोटो काय करतो? फोटोतला माणूस लईच गुणी असतो." मग त्यानं कॉम्प्युटरकडं वाकून पाहिलं आणि विचारलं, "ह्या तुझ्या इंटरनेटमंदी सलून कुठंशी हाये?"

नाही म्हटल्यावर त्याला माझी खरोखर कीव आली. एवढं मोठं गाव वसवलं आणि सलून नाही, म्हणजे खऱ्याखोट्याचा निवाडा करायचा कुणी? दुसऱ्या दिवशी तो संगमनेरला जाऊन दाढी करून आला. पोरगा आहे तोच आहे, आईवडील नाहीत, विधवा मावशीनं वाढवलाय, मावशी सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स आहे आणि तिच्या धाकानं गल्लीतली कुत्रीही दबकून चालतात, असा अहवाल आला.

तरी परवानगी मिळाली ती अटींवर. "पयली भेट स्टँडवर, कंट्रोलरच्या खिडकीसमोर, भर उन्हाची. पयल्या भेटीला चहा. जेवण न्हाई. जेवाय बसला की माणूस लवकर उठत न्हाई. दुसऱ्याच्या मोटरसायकलवर बसायचं न्हाई, आपली एस.टी. बरी. अन् कुठं चाललो ते घरी सांगून जायचं. सांगाया लाज वाटती, तिथं जायाचंच न्हाई."

मी हे प्रशांतला कळवत होतो, तेवढ्यात तिकडून वेगळ्याच वळणाचं वाक्य आलं. मी प्रशांतची मावशी, तिथं कुणी मोठं माणूस आहे का?

शेजारच्या खुर्चीतला बापू सावरून बसला. त्याला टाइप करता येत नव्हतं, म्हणून तो सांगणार आणि मी लिहिणार असं ठरलं. "साष्टांग नमस्कार विनंती विशेष" इथपासून त्यानं सुरुवात केली. पण विशेष काय ते सांगायच्या आत मावशींचे प्रश्न आले. घरात माणसं किती? पोराला कुणी गाडी चालवायला तर देणार नाही ना? विहिरीला कठडा आहे का? पिणारं कुणी आहे का? आणि दळण कुठल्या गिरणीतून आणता?

आयुष्यभर प्रश्न विचारलेल्या माणसाला पहिल्यांदाच उत्तरं द्यावी लागत होती. त्याच्या कपाळावर घाम आला. "दळणबी इचारती?" तो पुटपुटला. "आरं, ही बाई तर आपल्याच धंद्यातली हाये!" त्याच्या आवाजात एवढा आदर मी पूर्वी कधी ऐकला नव्हता.

प्रशांत आला, चहा झाला, अँटेना बघून झाल्या. आमची दोस्ती जमली ती आजतागायत आहे. पण बापूचं येणं थांबलं नाही. दर बाजाराच्या दिवशी पिशवीत मेथीची जुडी घेऊन तो कॅफेत यायचा आणि म्हणायचा, "बघ रं, तिकडून काय इचारलंय का." काही विचारलेलं नसलं तर स्वतः विचारायचा. गुडघेदुखी, टोमॅटोचा भाव, प्रशांतची नोकरी. एका दुपारी तर मासवडीचं सारण कसं करायचं यावर दोघांचं इतकं जुंपलं, की माझी बोटं दुखायला लागली. बापूच्या त्या मजकुराचे मी कधी पैसे लावले नाहीत, कारण मला स्वतःलाच पुढं काय होतं याची उत्सुकता होती.

एका बाजारी सुमनताईंनी, म्हणजे प्रशांतच्या मावशींनी लिहिलं, एकदा भेटावं म्हणते.

बापूनं ते वाक्य मला दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाला, "लिही. आधी माझी चौकशी करून घ्यावी. पोरांची वळख ही चौकशी न्हवं. कुणाला तरी धाडा. आमच्या गावात थांब्याला लागून रंगनाथचं सलून हाये. त्याला इचारा."

"बापू, भलतंच काय? तो तुमचे वाभाडे काढील. दुसऱ्या कुणाचं तरी नाव सांगा."

"म्हनून तर त्याचं. आपल्या बाजूच्या माणसाला इचारून काय कळतंय?" तो उठला, पिशवी घेतली आणि दाराशी थांबून म्हणाला, "सारा जलम लोकांच्या चौकशा केल्या, संज्या. माझी कराया कंदी कोण आलं न्हाई." मी नुसताच की-बोर्ड पुसत राहिलो.

पुढच्या आठवड्यात लाइट नव्हती म्हणून कॅफे बंद ठेवला होता आणि मी रंगनाथच्या बाकावर केस कापायला बसलो होतो. एस.टी.तून एक म्हातारे गृहस्थ उतरले, आत आले आणि खुर्चीत बसून म्हणाले, "दाढी." गाल असे, की माशी घसरावी. "कांद्याचं बी घ्यायला आलोय," ते म्हणाले. "इथं बापू म्हणून कोणी असतात ना?"

ते सुमनताईंचे थोरले भाऊ, हे मी प्रशांतनं पाठवलेल्या फोटोंवरून लगेच ओळखलं. रंगनाथनंही काय ते ओळखलं. फेसाचा ब्रश हातात धरून तो माझ्याकडं बघायला लागला.

"बापू ना?" त्यानं गालाला फेस फासला. "एक नंबरचा इरसाल. हाटेलात गेला की चहात साखर मागून घेतो. सगळ्या जगाची उठाठेव करतो. अन् इतकी वर्सं झाली, माझ्या खुर्चीत एक डाव बसला न्हाई."

पाहुण्यांचा चेहरा पडलेला मला आरशात दिसला.

रंगनाथनं वस्तरा पुसला. "माझ्या पोरीला स्थळ आलं व्हतं, पावणं. बंगला, ट्रॅक्टर, समदं. घरची म्हनली, उडवा बार. बापूला म्या सांगितलंबी नव्हतं. आपल्याच मनानं गेला. एकदा गेला, खात्री पटना म्हनून पुन्यांदा गेला. आला तवा गालाची सालं निघाली व्हती. म्हनला, रंगनाथ, पोरगं पिऊन हात उगारतं. पोरगी दिऊ नको. म्या त्यालाच शिव्या घातल्या. पुढं त्या घरात दुसऱ्याची लेक गेली, ती महिन्याभरात माघारी आली. माझी पोर आज ओतूरला सुखात नांदती." त्यानं वस्तरा गालाला लावला. "आता हलू नका. कापायला तर काय न्हाईच हितं, पण हलू नका."

पाहुणे पैसे देऊन परतीच्या एस.टी.त बसले. कांद्याचं बी कुठं मिळतं, ते त्यांनी विचारलंच नाही.

निरोप आला. येत्या बाजारी, नारायणगाव स्टँड, कंट्रोलरच्या खिडकीसमोर. फक्त चहा.

त्या दिवशी सकाळी मी एस.टी.साठी थांब्यावर उभा होतो. बापू आला. धुतलेला सदरा, हातात डबा. डब्यातून मासवडीचा वास येत होता, म्हणजे त्यानं स्वतःचाच नियम मोडला होता. पण तो थांब्यावर आला नाही. सरळ सलूनमध्ये शिरला आणि रंगनाथच्या खुर्चीत बसला.

रंगनाथला काही सुचेना. नवा टॉवेल काढला, तो झटकला, पुन्हा झटकला. मग विचारलं, "आज कुणाची चौकशी, बापू?"

"आज न्हाई कुणाची." बापूनं मान मागं टेकली. "नारायणगावला चाललोय. स्टँडवर. संगमनेरच्या बाई येणार हायेत, त्यांस्नी भेटाया. सांजच्या गाडीनं येतो माघारी."

"मला कशापायी सांगतोस एवढं?"

"कुठं चाललो ते घरी सांगून जायाचं असतं," बापू म्हणाला. "घरी कोण न्हाई. म्हनून तुला सांगितलं."

रंगनाथनं ब्रश पाण्यात बुडवला आणि बापूच्या गालाला जपून फेस लावायला लागला. एस.टी. आली, तेव्हा पायरीवर उभं राहून मी कंडक्टरला म्हणालो, "मास्तर, जरा थांबा. आमचं माणूस यायचंय."