घरपोच वड

एका जंगलात, बाळांनो, म्हणजे आता नुसतं म्हणायलाच जंगल उरलेल्या जागी, एक जुना वड होता. वडाच्या ढोलीत धनेशीण अंडी उबवत बसली होती. धनेश पक्ष्यांची रीतच तशी. बाई आत बसते, ढोलीचं दार चिखलाने लिंपून घेते. एवढीशी फट ठेवते. नवरा बाहेरून फळं भरवतो. तो चुकला, तर आतली उपाशी, पिल्लंही उपाशी.

तिथेच अस्वलभाऊंना वसाहत बांधायची होती. सिंहमहाराजांनी अट घातली, "वड जागेवर राहिला पाहिजे. भोवती बाग हवी."

वड नेमका फाटकाच्या आड येत होता.

"वडाला हात लावाल तर याद राखा!" वानरीणकाकू कडाडल्या. काकू अगदी आमच्यातल्याच. सोमवार, चतुर्थी, प्रदोष, काही सोडत नसत. उपासाला साबुदाण्याची खिचडीही सोडत नसत. हसू नका, मीही दोनदा वाढून घेते.

अस्वलभाऊंनी हात जोडले. "वहिनी, वड तुमचाच. पण वटपौर्णिमा आली, आणि इथे सगळी खडी पडलीय. पाय सोलवटतील तुमचे. मी प्रत्येकीला फांदी घरपोच देतो."

"फुकट?" सांबरीणबाईंनी विचारलं.

"देवाच्या कामाचे का कुणी पैसे घेतं?"

"अस्वल आहे, पण मन कसं देवमाणसाचं!" काकू गहिवरल्या. घरोघरी निरोपही त्यांनीच दिला.

पौर्णिमेला घरोघर पाटावर फांदी आली. सूत गुंडाळलं, आंबे वाहिले, सात जन्म मागून झाले. काकूंनी मुद्दाम मोठी फांदी घेतली होती. त्यांचा नवरा जरा बेभरवशाचा होता.

दुसऱ्या दिवशी काकू वडाला नमस्कार करायला गेल्या. नुसतं खोड उभं होतं. खाली चकचकीत फरशी, प्लॅस्टिकची हिरवळ आणि सिमेंटचं हरीण.

फटीतून धनेशीण म्हणाली, "काकू, आज उजेड फार आलाय हो. आणि हे कसे आले नाहीत अजून?"

काकूंनी वर पाहिलं. धनेशराव चोचीत फळ धरून घिरट्या घालत होते. बोडकं खोड त्यांना ओळखूच येईना.

"अहो भावजी, इकडे!" काकू ओरडल्या. पण बांधकामाच्या घरघरीत त्यांचं कोण ऐकतो!

काकूंच्या ध्यानात आलं, आपल्याला सात जन्मांचा नवरा मागता मागता आपण शेजारणीचा याच जन्मातला हरवला की!

काकू धावत घरी गेल्या. पाटावरची फांदी उचलली, खोडावर चढल्या आणि ती उंच धरून उभ्या राहिल्या.

"अगं बाई, हे कोणतं नवं व्रत?" सांबरीणबाई म्हणाल्या.

"विचारू नका. तुमची फांदी आणा."

सांबरीणबाईंनी आपली फांदी दातांत धरली. मग एकेक करत सगळ्या आल्या. धनेशराव आणखी एकदा फिरले, बिचकले, आणि फटीपाशी उतरले. आतून चोच बाहेर आली.

पिल्लं उडेपर्यंत बायका पाळीपाळीने उभ्या राहिल्या. हात भरून येत, पण कुरकुर करायला कुणाला तोंड होतं?

मध्येच सिंहमहाराज पाहणीला आले, तेव्हा फांद्यांआड बायकांच्या गप्पा रंगल्या होत्या. लांबूनच म्हणाले, "वा अस्वलभाऊ, वड छान जपलात. फक्त बोलतो फार."

तात्पर्य : झाड वाचवायचं असेल, तर आधी त्याची पूजा थांबवावी. कुऱ्हाडीपासून वाचवायला महाराजांचा हुकूम पुरतो. भाविकांपासून वाचवायला मात्र भाविकच लागतात.