सोयाच्या शेंगेची कुळकथा

शब्दाचं मूळ खणून काढावं तर पंडितांनीच! छापखान्यात मजकूर तपासणाऱ्या या गृहस्थांना सगळे पंडित म्हणत. ती थट्टा आहे, एवढं एकट्या पंडितांनाच ठाऊक नव्हतं.

सोयादुधाच्या खोक्यामागे ‘सोया’ या इंग्रजी शब्दाची कुळकथा छापायची होती. मालक म्हणाले, “हे जमवा, मुख्य तपासनिसाची खुर्ची तुमची!”

पंडितांनी घरी जाऊन बायकोला सांगूनही टाकलं, “खुर्ची आलीच समज. आता फक्त बसायचं राहिलंय!”

मग तीन शब्दकोश पालथे घातले. निघालं ते भलतंच! जपानी लोक सोयाबीनच्या दाण्यांचा सॉस करत. सॉसचं नाव डचांनी उचललं, त्यांच्याकडून इंग्रजांनी, आणि शेवटी ते बिचाऱ्या शेंगेलाच चिकटलं. म्हणजे लेकावरून बापाचं नाव ठेवल्यातली गत!

पंडितांनी मजकूर झोकात लिहिला. त्याच कागदावर मजकुराखाली, टाइप करणाऱ्या काकांसाठी दोन ओळी खरडल्या: ‘मालकांना यातलं ओ की ठो कळणार नाही. तरी एकदा दाखवा, मान डोलावतील.’

आता या काकांनी मागच्याच महिन्यात आपल्या मनाने एक शब्द बदलला होता. तेव्हा पंडित चारचौघांत कडाडले होते, “कागदावर असेल ते अक्षरन् अक्षर उतरवायचं! डोकं चालवायचं नाही!” काकांनी त्या दिवशी डोकं जे बंद केलं, ते केलंच.

प्रूफ आलं तेव्हा पंडित नव्या खुर्चीसाठी उशी बघायला बाजारात गेले होते. काम खोळंबू नये म्हणून पसंतीची सही आधीच ठोकून ठेवलेली! नऊ हजार खोकी धडाधड छापून झाली.

मालकांनी पंडितांना आणि काकांना बोलावलं. “पंडित, वाचलं.”

“समजलं ना?”

“सगळं! अगदी शेवटच्या ओळीपर्यंत.”

पंडितांनी खोकं उलटून पाहिलं, तर कुळकथेखाली त्या दोन ओळीही छापलेल्या! “काका! अहो, हे काय केलंत?”

“अक्षरन् अक्षर उतरवलं,” काका शांतपणे म्हणाले. “डोकं चालवलं असतं तर पुन्हा झापलं असतंत!”

“सांगितलेलं तंतोतंत करणारा एवढा एकच माणूस आहे इथे,” मालक म्हणाले. “काका, आजपासून खुर्ची तुमची!”

पुढचे चार दिवस पंडित आणि त्यांची बायको त्या दोन ओळींवर पांढऱ्या पट्ट्या चिकटवत बसले. सातशेव्या खोक्याला तिने विचारलं, “अहो, पण ते शेंगेचं खरं आहे का हो?”

“शंभर टक्के!” पंडित एकदम खुलले. “त्याचं असं झालं, डच लोक—”

“मग तेवढंच लिहून थांबायचं होतं की!”