खिडकीतला रुमाल

पाथर्डीच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवणारे फिलिप पाटोळे सर कोणतीही गोष्ट सहजासहजी खरी मानत नसत. सरहद्द, सत्ता, दोन देशांतलं वैर, हे सगळं माणसांनीच मिळून मानलेलं, असं ते वर्गात ठणकावून सांगत. यालाच रचनावाद म्हणतात. आज नगरच्या चर्चासत्रात याच विषयावर ते निबंध वाचणार होते. निबंध फक्कड जमला होता, फक्त त्याला शेवट नव्हता! तो दीड तासाच्या एसटीत बसल्या बसल्या लिहायचा बेत होता.

"स्टँडवर गेल्या गेल्या खिडकीतून रुमाल टाका," बायको मरियम म्हणाली. "मग जागा आपली."

"अगं, वीतभर कापड ते! त्यानं जागा आपली होते ही लोकांची समजूत. मी नाही मानत!"

"मग उभे राहा," म्हणून मरियम डबा भरायला लागली.

गाडीला तोबा गर्दी होती. सर धक्के खात आत शिरले. एकच जागा मोकळी होती आणि तिच्यावर निळा रुमाल. सरांनी तो उचलला, नीट घडी करून खिडकीत ठेवला आणि बसले! पेनाचं टोपणही काढलं. इतकं सोपं असताना लोक वर्षानुवर्षं उगाच घाबरतात, याची त्यांना कीव आली.

"ओ मास्तर, उटा! म्या रुमाल टाकलाय." दोन पिशव्या सावरत एक म्हातारी समोर उभी. तिला सगळी गाडी ओळखत होती. झुंबरबाई!

"मावशी, रुमाल म्हणजे जागा नव्हे. आपण सगळे मानतो, म्हणून ती जागा."

"सगळे मानत्यात नव्हं?"

"हो, पण..."

"मग तुमी एकल्यानं न मानून काय हुतंय? उटा!"

"उटा की सर!" मागून आवाज आला. "रुमाल हाय त्यांचा!" कंडक्टरनं घंटी द्यायची थांबवली. ड्रायव्हरनं तर इंजिनच बंद केलं. सर उठले. करंजी घाटात एका हातानं दांडी अन् दुसऱ्या हातात कागद, लिहिणार कशानं?

चर्चासत्रात "वीतभर कापडाच्या रुमालानं जागा आपली होत नाही" इथपर्यंत अर्धा निबंध वाचून झाला आणि आयोजकांनी चहा जाहीर केला. चहानंतर सर कसेबसे शेवटच्या पानाशी आले. पुढे कोरा कागद! मग जे आठवलं ते बोलून टाकलं, "एकट्यानं न मानून काय होतं? सगळ्यांनी मानलं की ते खरंच!"

टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी विचारलं, "हे कोणाचं मत?"

"झुंबरबाईंचं." अध्यक्षांनी मान डोलावत लिहून घेतलं.

परतताना सरांनी आयुष्यात पहिल्यांदा खिडकीतून रुमाल टाकला. आत जाऊन बघतात तर तिथे चर्चासत्रातल्या सीमा मॅडम बसलेल्या! रुमाल घडी करून खिडकीत.

"मॅडम, तो रुमाल माझा..."

"वीतभर कापड, सर! सकाळी तुम्हीच तर पटवलंत."

"आणि शेवट? तो नाही ऐकलात?"

"प्रमाणपत्रं चहालाच वाटली ना! मग मी बाजारात गेले."

गाडीतले लोक सरांच्याच बाजूचे होते. एक शब्द काढायचा अवकाश, मॅडमना उठवलं असतं. पण स्वतःच्याच निबंधाला "उठा" म्हणायचं कोणत्या तोंडानं? सरांनी दांडी धरली.