राघूअण्णांची कृष्णाकाठची सहल

दर रविवारी सकाळी बंगळूरच्या जयनगरमधल्या आमच्या रस्त्यावरून एक गृहस्थ प्रवासाला निघत. खांद्यावर होल्डॉल, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात फिरकीचा तांब्या. बाजाराच्या कॉम्प्लेक्सपर्यंत जात आणि तसेच परत येत. वाटेत जिथे कठडा, कट्टा किंवा बंद दुकानाची पायरी दिसेल तिथे बसून बघत, घड्याळ बघत, उठत आणि पुढे चालू लागत. कोणी विचारलं, "काय अण्णा, गाडी चुकली?" तर गंभीर चेहऱ्याने सांगत, "चुकली नाही. अजून हुबळी यायची आहे बघा."

हे राघूअण्णा इनामदार, माझ्या शेजारच्या घरात राहत. होल्डॉलमध्ये अंथरूण नसे, गहू असत. वजन खरं हवं म्हणून. मी एकदा म्हटलं, "अण्णा, वाटेत गिरणी आहे. निदान दळून तरी आणा." तर म्हणाले, "दळून आणलं तर पुढच्या रविवारी वजन कुठनं आणू?"

अण्णांचं आयुष्य एका कारखान्यात गेलं होतं. कुठला सुटा भाग कुठल्या दिवशी कुठल्या टेबलावर पोचला पाहिजे, हे ठरवायचं त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर पोचवायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी स्वतःलाच पोचवायचं ठरवलं असावं, असं आम्ही म्हणायचो. जायचं होतं कृष्णाकाठी. त्यांच्या आवडत्या कादंबरीकाराच्या गावी. त्या लेखकाचं नाव मी लिहीत नाही. त्याला वाचणारी माणसं आता फारशी उरलेली नाहीत, आणि जी आहेत ती नाव न घेताही ओळखतील. तो जन्मला ते घर, शिकवत होता ती शाळा, जिथे बसून लिहायचा ते हॉटेल, आणि त्याच्या सगळ्या कादंबऱ्यांमधून जो येतो तो नदीचा घाट. अण्णांना या चार ठिकाणी जायचं होतं, आणि चारही ठिकाणांबद्दल त्यांचा प्रश्न एकच असे: "तिथं बसायला काय आहे?"

हा प्रश्न त्यांना सगळीकडेच पडे. लग्नाची पत्रिका घेऊन गेलं तर मुहूर्त विचारायच्या आधी विचारत, "हॉल बरा आहे. बसायला?" देवळाचं, बँकेचं, दवाखान्याचं नाव निघालं की तेच. आमच्या मराठी मंडळात त्यांना पाठीमागे सगळे बैठकअण्णा म्हणत. हे नाव मी ठेवलं होतं.

मंडळाचा मी तेव्हा सचिव होतो. जुनी माणसं कमी होत चालली होती आणि पुण्या-मुंबईकडची नवी मुलं कॉम्प्युटर कंपन्यांत येऊ लागली होती. त्यांना मंडळात टिकवायचं तर नवीन काहीतरी करायला हवं होतं. गणपती आणि कोजागिरीवर ती टिकणार नव्हती. अशा वेळी अण्णा एका सभेत उठले आणि म्हणाले, "आपण सगळे मिळून जाऊ की. सगळं ठरवून ठेवलंय मी. कुठं उतरायचं, कुठं जेवायचं, सगळं."

मग त्यांनी ते सांगितलं. बराच वेळ सांगितलं. शाळेत दुपारी जाऊ नये, व्हरांड्यावर ऊन येतं. हॉटेलात भिंतीकडेला बाकडी आहेत, ती धरावीत. घाटावर पहाटे जावं, गर्दी नसते, आणि उजव्या बाजूनं उतरावं, डावीकडच्या पायऱ्या उंच आहेत. प्रत्येक ठिकाणी निवांत बसावं. नवीन मुलांपैकी एक जण माझ्या कानाशी म्हणाला, "काका, ही ट्रिप आहे की बेड रेस्ट?" मी हसलो. मोठ्याने हसलो.

पण कल्पना चांगली होती हे मला लगेच कळलं. अण्णांनी आखलेल्या चार दिवसांचे आम्ही दोन केले. रेल्वे काढून टाकली, मिनीबस ठरवली. आणि समितीच्या बैठकीत, अण्णा नसताना, मी म्हणालो, "ते आले तर निम्मा वेळ बसण्यातच जाईल." कोणी विरोध केला नाही. अण्णांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी कुंपणापाशीच सांगितलं, "अण्णा, गाडी भरली हो. तुमची नि अक्कांची जागा राहून गेली."

ते थोडा वेळ कुंपणावरची वेल सारखी करत राहिले. मग कानडीत 'बरं' म्हणतात तसं म्हणाले, "सरी. पुढच्या वेळेला."

अक्का म्हणजे वत्सलाक्का, त्यांची पत्नी. त्यांच्याबद्दल मला तोवर एवढंच माहीत होतं की त्या मंडळाच्या कार्यक्रमाला सगळ्यांच्या आधी येऊन बसतात आणि सगळे गेल्यावर उठतात. मला वाटे, हौस दांडगी आहे.

निघायच्या पहाटे अण्णा आम्हाला निरोप द्यायला आले. मी ते येतील असं धरलं नव्हतं. थर्मास भरून कॉफी आणली होती. ती द्यायला ते बसमध्ये चढले आणि मागच्या दोन रिकाम्या जागा त्यांना दिसल्या. तिथे आम्ही चिवड्याचे डबे आणि सतरंज्या ठेवल्या होत्या. अण्णांनी वरचा डबा हलवून पाहिला. "घाटात वळणं आहेत," ते म्हणाले. "पडतील. बांधून घ्या." सुतळी मागून घेतली, स्वतःच डबे बांधले, आणि उतरून गेले.

सहल उत्तम झाली असं आजही सांगतात. लेखकाच्या घरासमोर फोटो काढले. शाळेला कुलूप होतं. हॉटेलात जेवण इतकं रंगलं की उशीर झाला आणि नदीकडे जायचं राहून गेलं. परत आलो तेव्हा अण्णा फाटकाशी उभे होते. त्यांनी एकच विचारलं, "घाट?"

"वेळ नाही मिळाला, अण्णा."

"सरी," ते म्हणाले आणि आत गेले. रविवारची त्यांची फेरी त्यानंतर बंद झाली. मंडळात मी त्याचीही गोष्ट केली. बैठकअण्णा अखेर कायमचे बसले, म्हणून. टाळ्या मिळाल्या.

पावसाळा सरल्यावर ते एका संध्याकाळी दाराशी आले. "घरी या स्वल्प. हिला सहलीचं ऐकायचंय."

इतक्या वर्षांच्या शेजारात मी त्यांच्या आतल्या खोलीत पहिल्यांदा गेलो. वत्सलाक्का पलंगावर होत्या. गुडघे आणि हातांची बोटं वेडीवाकडी झाली होती. उशाशी त्या लेखकाची पुस्तकं होती, उघडून उघडून पानं मऊ पडलेली. अण्णा म्हणाले, "मी शिकलो कन्नड शाळेत. मराठी वाचायला मला फार वेळ लागतो बघा. ही सगळी हिनंच वाचून दाखवली. रोज रात्री. आता पुस्तक धरवत नाही, म्हणून मी वाचतो. ही चुका काढते."

"फार चुकतात," अक्का म्हणाल्या. "नायिकेला परवा दोनदा मारलं."

अक्कांचं माहेर त्या गावचं. लग्न होऊन त्या बंगळूरला आल्या आणि आईवडील गेल्यावर पुन्हा कधी जाणं झालं नाही. तो घाट त्यांना पायांनी पाठ होता. उजवी बाजू, डावी बाजू, पहाटेचं ते सगळं त्यांचं होतं. नुसत्या आपल्यासाठी एवढा खटाटोप नको म्हणून त्या जायला तयार नव्हत्या. मंडळ निघालं तर येईन, म्हणाल्या होत्या. घाट उतरताना हाताला धरायला चार माणसं असतील, हाही अण्णांचा विचार होता. अक्कांना किती पावलांवर टेकावं लागेल, सामान एकट्याला घेऊन त्यांना धरता येईल का, हे ते रविवारी गव्हाचं ओझं घेऊन पाहत होते. यातलं काही त्यांनी मला कधी सांगितलं नाही, कारण आपलं अडखळत चालणं लोकांच्या तोंडी जाऊ नये अशी अक्कांची सक्त ताकीद होती. आणि मी विचारलं नव्हतं.

मी सहलीचं सांगू लागलो. घर सांगितलं. हॉटेल सांगितलं, तिथली बाकडी अजून भिंतीकडेलाच आहेत म्हणालो. ते खरं होतं. अक्का डोळे मिटून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आणि घाटावर? पाणी कुठवर होतं?"

मी अण्णांकडे पाहिलं. आम्ही घाटावर गेलो नव्हतो हे त्यांना ठाऊक होतं. मीच फाटकाशी सांगितलं होतं. ते पलंगाच्या कडेला बसून अक्कांच्या पायावरची चादर नीट करत होते.

"पाणी," मी म्हणालो, "खालच्या पायऱ्या बुडाल्या होत्या."

"पहाटे गेला होतात?"

"पहाटेच."

मला वाटलं, अक्कांनी ओळखलं. तेवढ्यात अण्णा, मान वर न करता, म्हणाले, "पायऱ्या ओल्या असतील. तुम्ही उजव्या बाजूनंच उतरला ना हो?"

"उजव्या बाजूनंच, अण्णा."

"धुकं होतं?"

"होतं."

"पलीकडचं काही दिसत नसेल मग."

"नाही. नुसता घंटेचा आवाज येत होता."

अक्कांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. अण्णांनी ते आपल्या धोतराच्या सोग्याने टिपलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. रागाने बघतील म्हणून मी तयार होतो. ते म्हणाले, "सांगा की. थांबलात का?"

मंडळाच्या स्मरणिकेसाठी मुलांनी माझ्याकडे लेख मागितला आहे. विषय दिला आहे, 'आपली पहिली साहित्यिक सहल आणि तिचे जनक'. जनक म्हणून माझा फोटो छापणार आहेत. अण्णा आणि अक्का दोघंही आता नाहीत. छापायचा तर फोटो अण्णांचा छापा. कल्पना त्यांची, आखणी त्यांची. आणि माझ्याबरोबर त्या घाटावर गेलेली माणसं ही दोनच.