पाच कुलपांचे अमोलिक

मधुकर अमोलिक भिंतीवरच्या घड्याळाला चावी द्यायला स्टुलावर चढतात तेव्हाही हेल्मेट घालतात. ही मी रचलेली गंमत नाही, डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट आहे. स्टूल दीड फूट उंच. हेल्मेट पिवळं, कामावरचं, हनुवटीखाली पट्टा आवळलेला. खाली सुमनवहिनी स्टुलाचे पाय धरून उभ्या. मी दारातूनच विचारलं, "अमोलिकभाऊ, लढाईवर चालले काय?"

"हसू नको गा, पराते," ते वरून म्हणाले. "डोंगरावर चढताना माणूस सांभाळून चढते. स्टुलावर गाफील राहते."

आम्ही दोघं कोराडीच्या वीज केंद्रात नोकरीला होतो. मी स्टोअरमध्ये, ते सेफ्टीत. ते निवृत्त झाले, त्यांची सेफ्टी काही निवृत्त झाली नाही. कोराडी रोडवरच्या आमच्या लेआउटमध्ये त्यांची नि माझी भिंत एक, आणि या अठरा वर्षांत मी त्यांना सिग्नल सोडून दुसरीकडे रस्ता ओलांडताना पाहिलेलं नाही. समोरच्या दुकानातून मीठ आणायचं तरी हा माणूस चौकापर्यंत चालत जातो, हिरवा दिवा पाहतो, आणि पलीकडच्या बाजूने तेवढाच परत येतो. लग्नात ते कायम बाहेर पडायच्या दारापाशी बसतात आणि मांडववाल्याला वायरिंगचं विचारून बेजार करतात. नाताळच्या उपासनेत सगळं चर्च मेणबत्त्या धरून गात असतं, तेव्हा हे शेवटच्या बाकाशी वाळूची बादली घेऊन उभे असतात. पाळकसाहेबांनी पहिल्या वर्षी समजावलं, दुसऱ्या वर्षी हसले, तिसऱ्या वर्षी बादलीसाठी जागा करून दिली.

त्या बादलीवर 'अमोलिक' असं तांबड्या रंगात लिहिलेलं आहे. तसं ते त्यांच्या प्रत्येक वस्तूवर असतं. हेल्मेटवर, शिडीवर, प्रेशर कुकरच्या बुडावर, एकदा तर मी उसन्या आणलेल्या खलबत्त्यावर, आणि बत्त्यावर वेगळं.

समोरच्या दाराला पाच कुलपं. रविवारी सकाळी दोघं चर्चला निघाले की हे एकेक कुलूप लावतात आणि प्रत्येकाला तीन हिसके देतात. पंधरा हिसके झाले की आमच्याकडे दुसरा चहा होतो. मुलगी प्रीती लग्न होऊन पुण्याला गेली, पण हे नवरा-बायको मिळून एक रात्रही तिच्याकडे राहायला गेले नाहीत. एक गेला की दुसरा घरी. चोरांची एवढी भीती बाळगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, असं मी चारचौघांत सांगायचो. मला फार खात्री असायची तेव्हा.

एकदा मी त्यांना सरळच विचारलं, "तुम्ही एवढे देवावर विश्वास ठेवणारे. मग एवढे भिता काहून?"

त्यांना राग आला नाही. उलट वर्गात शिकवायला बसल्यासारखे खुर्ची ओढून बसले. "हिंमत फुकट घालवाची नसते गा. जपून ठेवाची. प्रभूनं कधी मागितली तर द्यायले शिल्लक पाहिजे ना? बायबलातला तो कोळी पाहा. प्रभूनं बोलावलं तं होडीतून पाण्यावर उतरला. पण रोज उतरत होता काय? एकदाच. बाकीचे दिवस होडीतच बसून जाळं टाकत होता."

हा हिशेब मला तेव्हा पळवाट वाटला. मग ते साथीचं वर्ष आलं. मी आणि आमची ही, दोघंही एकदम आडवे झालो. मुलगा बंगळुरात अडकलेला. लेआउटमधली दारं खिडक्यांसकट बंद. अमोलिक त्या काळात सांबार म्हणजे कोथिंबीरसुद्धा साबणाने धुवायचे, आणि वहिनींनी त्यावरून दोनदा अबोला धरला होता. तो माणूस तिसऱ्या दिवशी पिवळं हेल्मेट, तोंडावर दोन फडकी आणि हातात पेजेचं पातेलं अशा अवतारात आमच्या घरात आला आणि आठ दिवस आमच्या हॉलमध्ये झोपला. पेज वाटीत ओतताना थोडी माझ्या पांघरुणावर सांडली.

"भाऊ, भीती वाटत नाही का?" मी कसंबसं विचारलं.

"लय वाटते," ते म्हणाले. "याच्यासाठीच तं हिंमत जपून ठेवली होती."

त्या दिवसापासून मी त्यांची टिंगल कमी केली. बंद केली असं म्हणवत नाही.

आता चोरीची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका रविवारी दोघं चर्चहून आले, तर घरातून कुकर, मिक्सर, पितळी समई नेलेली आणि खुंटीवरचं हेल्मेट गायब. समोरची पाचही कुलपं जशीच्या तशी. सगळा लेआउट अंगणात जमला. कोणी म्हणे छतावरून आला, कोणी म्हणे किल्ल्या बनवल्या. अमोलिक एवढंच म्हणाले, "आला असंल कुठून तरी."

चोर संध्याकाळच्या आत सापडला. चोरीचं सामान पोत्यात, आणि ऊन लागतं म्हणून हेल्मेट डोक्यावर, असा तो पायी चालला होता. नागपुरात गाडीवर बसलेला माणूस हेल्मेट घालायला कुरकुरतो; मे महिन्यात पायी चालणाऱ्याने ते घातलं तर पोलीस थांबवणारच. नाव विचारलं तर तो म्हणाला गंगाधर, आणि कपाळावर तर अमोलिक लिहिलेलं. आम्ही महिनाभर हसत होतो.

अमोलिक मात्र हसले नाहीत. खटला चालला, गंगाधरला शिक्षा झाली, आणि चर्चची मंडळी महिन्यातून एकदा तुरुंगात गाणी म्हणायला जायची त्यांत हे जाऊ लागले. यांना गाता येत नाही. हे फक्त गंगाधरला भेटायला जायचे. तो खापा गावचा, मागेपुढे कोणी नसलेला, चाळिशीतला माणूस. सुटला त्या दिवशी अमोलिक त्याला सिटी बसने घरी घेऊन आले, खिडकीची जागा त्याला देऊन. दुसऱ्या दिवशीपासून तो त्यांच्या बागेत पाणी घालू लागला. पलीकडच्या एका चाळीत त्याला खोलीही मिळवून दिली. लेआउटच्या मीटिंगमध्ये मीच पहिला उठून बोललो. आपल्या घरात काय करायचं ते करा, पण आमच्या भिंतीला भिंत आहे, म्हणालो. अमोलिकांनी ऐकून घेतलं आणि पंखा फार हलतो आहे, त्याखालून खुर्ची सरकवा, एवढंच मला सांगितलं.

गेल्या डिसेंबरात पुण्याहून फोन आला. प्रीतीचं बाळंतपण जवळ आलं होतं आणि तिची तब्येत नाजूक होती. डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठायचं नाही म्हणून सांगितलं. जावई एकटा. वहिनींना तर जावंच लागणार होतं, आणि प्रीतीने फोनवर रडत सांगितलं की बाबाही पाहिजेत. चोवीस वर्षांत पहिल्यांदा दोघांनी मिळून मुक्कामाला घर सोडायची वेळ आली.

मी आपण होऊन गेलो. छाती पुढे काढून म्हणालो, "किल्ल्या माझ्याकडे द्या. निर्धास्त जा."

अमोलिक म्हणाले, "किल्ल्या गंगाधरले देऊन राहिलो गा."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. चूक नव्हती. अठरा वर्षांचा शेजारी मी, यांच्या हातची पेज खाल्लेला मी, आणि किल्ल्या चोराला. मी म्हणालो, "त्याच्यापेक्षा मी वाईट आहे काय?"

"तू चांगला हाये," ते म्हणाले. "म्हणूनच. तू कुलूप लावशील."

याचा अर्थ मला लागला नाही. समजून घ्यायची इच्छाही नव्हती. ते निघाले तेव्हा मी गेटपर्यंतही गेलो नाही, खिडकीतून पाहिलं. ऑटोत बसताना त्यांनी गंगाधरच्या हातात किल्ल्यांचा जुडगा दिला. देताना जुडगा एकदा खाली पडला. पेज सांडली होती तसाच.

पुढचे तीन दिवस मी भिंतीला कान लावून काढले, हे कबूल करतो. भांडी वाजली की उठायचो. काही वाजलं नाही की जास्तच उठायचो. आमची ही म्हणाली, "काहून एवढे धावपळ करून राहिले? तुमचं काय चोरीला चाललं?" खरं सांगायचं तर मला तो चोरी करताना सापडायला हवा होता. म्हणजे पुण्याला फोन करून सांगता आलं असतं.

चौथ्या दिवशी दुपारी मी मागच्या गल्लीतून गेलो. आमच्या घरांच्या पाठीमागे ही अरुंद गल्ली आहे. गवत आणि कचरा, तिकडे कोणी फिरकत नाही. चपला हातात घेऊन, पावलांचा आवाज न करता मी अमोलिकांच्या मागच्या बाजूला पोचलो. स्वयंपाकघराचं दार सताड उघडं होतं. उंबऱ्यावर गंगाधर बसला होता, सुपात वालाच्या शेंगा, डोक्यावर पिवळं हेल्मेट.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या चपलांकडे पाहिलं. "या ना, काकाजी. वर टाकी साफ करत होतो. साहेबानं सांगितलं हाये, हेल्मेट घातल्याशिवाय चढू नको."

"दार काहून उघडं टाकून बसला गा?" मी आवाज चढवून विचारलं.

"साहेबाचाच हुकूम. म्हणे, समोरची पाचही लावजो. मागचं लावू नको." तो शेंग मोडत म्हणाला. "हे दार कधीच लागत नाही, काकाजी. मी चोरी कराले आलतो तं हातोडी घेऊन आलतो. ढकललं, तं उघडंच."

मी चपला खाली ठेवल्या.

मग त्याने सांगितलं, आणि मी अठरा वर्षं शेजारी राहून जे विचारलं नव्हतं ते एका चोराच्या तोंडून ऐकलं. अमोलिकांना धाकटा भाऊ आहे, दिनू. हॉलमध्ये त्याचा फोटो आहे, मी शेकडो वेळा पाहिलेला. स्कूटरवर दोघं भाऊ, दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट नाही. हा कोण, म्हणून मी कधीतरी विचारलं होतं. "भाऊ हाये. फिरतीवर असते," असं उत्तर मिळालं होतं, आणि मी त्याला औषध कंपनीचा एजंट समजून बसलो होतो. दिनू दारू प्यायचा. काम टिकायचं नाही. दादाच्या नजरेला नजर नको म्हणून मागच्या दाराने यायचा आणि वहिनीच्या हातचं जेवून जायचा. चोवीस वर्षांपूर्वी एका दुपारी तो पिऊन समोरच्या दाराशी आला. अमोलिकांनी आतून कडी लावली. त्याने तीनदा 'दादा' म्हणून हाक मारली आणि गेला. कुठे गेला ते आजवर कळलेलं नाही.

"तवापासून वहिनी रोज एक ताट झाकून ठेवते," गंगाधर म्हणाला. "रात्री कुत्र्याले घालते, सकाळी पुन्हा नवीन. साहेब पयल्या डाव जेलमधी भेटाले आले, तं मले वाटलं सामानाचं विचारतीन. म्हणे, ताट तू खाल्लं काय? मी म्हटलं, हो साहेब. कोंबडीचा रस्सा होता, भूक लागलती, पयले जेवलो अन मंग सामान उचललं. तं साहेब रडाले लागले. म्हणे, इतक्या वर्सांत पयल्यांदा कोणी खाल्लं. मंग डोळे पुसून विचारते, मीठ बरोबर होतं ना?"

मला माझीच लाज वाटली, आणि अमोलिकांची इतकी आठवण आली की पुण्याला फोन करावा वाटला. पण काय बोलणार होतो? मी कुलूप लावलं असतं. किल्ल्या मिळाल्या त्याच मिनिटाला लावलं असतं, आणि वर त्यांना सांगितलं असतं की तुमचं मागचं दार उघडं राहिलं होतं, बरं झालं मी पाहिलं. सगळ्या जगाला भिणाऱ्या माणसाने घराची एक बाजू चोवीस वर्षं उघडी ठेवली होती, आणि आता तिच्यावर राखण म्हणून एका चोराला बसवून गेला होता. जपून ठेवलेली सगळी हिंमत त्याने इथे खर्च केली होती.

आत ओट्यावर ताट झाकलेलं होतं. गंगाधरनेच रांधलं होतं. कुकर परत मिळालेला, बुडावर अमोलिक.

"काकाजी, एक सांगा," तो म्हणाला. "फोटोतला हा भाऊ आता कसा दिसत असन?"

मी फोटो आठवून पाहिला. तिशीतला पोरगा, दाट केस, हसरा. "आता अठ्ठावन्न-साठचा झाला असेल. केस गेले असतील. दाढीही असेल. मीही नाही ओळखणार."

गंगाधरने शेंगा मोडायच्या थांबवल्या आणि बराच विचार केला. "मंग तं कोणीबी आला तरी वाढावं लागन."

त्याने हेल्मेट काढून खुंटीला अडकवलं, हात धुतले आणि माझ्याकडे वळून पाहिलं. "तुम्ही जेवले काय, काकाजी? तुम्हीबी मागूनच आले."

मी जेवून आलो होतो. तरी आत जाऊन पाटावर बसलो.