एवढं फाजील होतं

आमच्या शेजारचे नथ्थूमामा नवी वस्तू घरात आणली की आधी ती उकलत. छत्री, कंदील, सायकल, मामींचं शिवणाचं मशीन, बागेतल्या विहिरीवरचं ऑइल इंजिन, सगळ्यांचं बारसं पान्यानेच झालेलं. उकललेली वस्तू ते पुन्हा जोडतही. मात्र जोडून झाली की एखादा तुकडा उरायचाच. कधी स्क्रू, कधी स्प्रिंग, कधी कशाचं तरी झाकण. तो चिमटीत धरून मामा उजेडात न्याहाळत आणि निकाल देत, "येवढं फाजील होतं." मग त्याची रवानगी बिस्किटांच्या जुन्या डब्यात होई.

त्यानंतर वस्तू चालत नसत असं नाही. कंदील जळे, फक्त वात खाली होत नसे. इंजिन पाणी काढी, पण रागावल्यासारखं. मशीन उलट्या बाजूने शिवू लागलं, तेव्हा मामींनी कापड फिरवून धरायची सवय केली. "मशीन बदलत नाही, मानूस बदलत नाही, म्या कापड बदललं," त्या म्हणत.

मामांची बाग अमरावतीच्या वेशीपाशी होती. वांगी, मेथी आणि बांधावर झेंडू. भाजी उत्तम पिके आणि गिऱ्हाईक टिकत नसे, कारण मामा वांग्यांबरोबर गिऱ्हाइकाचेही दोष सांगत. मांडवात गेले तर गाठी चुकलेल्या, कीर्तनात गेले तर बुवा चुकलेला. माझे वडील वकील. ते मामांना 'बह्याड', म्हणजे वेडपट, म्हणून मोकळे होत. मी मिशनच्या इंग्रजी शाळेतली, म्हणून मामांनी माझं नाव मिसबाई ठेवलं होतं. "कावून मिसबाई, मराठीत मुकी होती, आता इंग्रजीतबी मुकीच काय?" मी उत्तर देत नसे. उत्तर दिलं असतं तर त्यांनी तेही उकललं असतं.

त्यांची एकुलती एक लेक वच्छी माझ्याहून थोडी मोठी. तिचं लग्न अकोल्याला झालं. जावई लढाईच्या काळात तिथल्या विमानांच्या धावपट्टीवर स्टोअरचा कारकून होता. पहिल्या दिवाळसणाला तो आला, अंगाला तेल-उटणं लावून न्हाणीत गेला, आणि जाताना खिशातलं घड्याळ कोनाड्यात ठेवून गेला. ते त्याच्या वारलेल्या वडिलांचं होतं. आंघोळ करून तो बाहेर आला तेव्हा वडिलांचं घड्याळ फराळाच्या ताटात सुटं सुटं पडलं होतं, करंजीशेजारी. मामांनी ते त्याच्यासमोरच जोडलं. म्हणाले, "घ्या जवाईबापू, साफ केलं. येवढं फाजील होतं." चिमटीत मुगाएवढं चाक होतं.

घड्याळ बडनेऱ्याच्या स्टेशनापर्यंत चाललं म्हणतात. त्यानंतर वच्छी माहेरी आली नाही. आखाजीला नाही, पुढच्या दिवाळीला नाही. आणायला गेलेल्या माणसाला निरोप मिळे, "आमच्या घरी ती काही फाजील नाही."

मामींनी रडून पाहिलं. मामा म्हणाले, "घड्याळच खराब होतं, मी काय करू?"

लढाई संपली आणि कॅम्पातला एक साहेब विलायतेला परत निघाला. त्याच्या सामानाच्या लिलावात मामा पाणी घालायची झारी घ्यायला गेले. झारी ज्या ढिगात होती, त्यातच एक खोकाही आला. खोक्यावर विमानाचं चित्र आणि आत विमानाचे तुकडे. मामा ते घेऊन आमच्या ओसरीवर आले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"मिसबाई, पाह्य. हे तं कोनीतरी माह्या आंधीच उकललं."

तुकडे कशाचे, ते त्यांना कळेना. नखाने खरवडलं, दाताखाली धरलं. मी कागदावरचं वाचून सांगितलं, प्लास्टिक. ते म्हणाले, "नाव काही असो. ना लाकूड, ना पत्रा. शिंगाच्या जातीचं हाये." पुढचं सगळं या एका वाक्याने बिघडलं.

कुणासाठी करताय, असं मामींनी विचारलं. "येळ जाते," मामा म्हणाले. पण जावयाच्या घरात भिंतभर विमानांची चित्रं आहेत, हे त्यांनी वच्छीला आणायला गेलेल्या माणसाकडून खोदून खोदून काढलं होतं. ते मी भिंतीपलीकडून ऐकलं होतं.

रोज दुपारी मी सूचना वाचायची आणि मामांनी त्यांच्यावर टीका करायची. सोबतची गोंदाची नळी वाळून गेली होती. बाभळीचा डिंक धरेना. शेवटी दवाखान्यातल्या कंपाउंडरने एक उग्र वासाचं पाणी दिलं, त्याने कडा विरघळून चिकटू लागल्या. पहिल्या दिवशी विमानाऐवजी मामांची दोन बोटं चिकटली. त्या हाताने ते जेवले आणि भाजीला मीठ कमी आहे म्हणाले.

रंगाच्या जागी कागदावर खाकी आणि हिरवा होता.

"कायले?" मामा म्हणाले.

"जमिनीत मिसळून जावं म्हणून. वरून दिसू नये."

"दिसू नये तं रंगवाचं कायले? रिकामं काम." आणि शिंगाच्या जातीचं म्हटल्यावर त्यांनी पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावायचा तांबडा रंग काढला. पंखांच्या टोकांना बेगड. विमान बैलासारखं सजलं. मला हसू आलं, पण मामा श्वास रोखून कडा रंगवत होते. इतक्या हळू हाताने त्यांनी कोणती वस्तू धरलेली मी पाहिली नव्हती.

आणि त्या दिवशी काहीच उरलं नाही. खोका पालथा केला, झटकला. रिकामा. मामांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला.

मग त्यांनी विमान वाळायला माळवदावर ठेवलं. आमच्याकडे वैशाखात सगळंच माळवदावर जातं, कुरड्या, सांडगे, मिरच्या. शिंगाला ऊन लागत नाही. संध्याकाळी मामी सांडगे गोळा करायला गेल्या आणि त्यांनी वरूनच हाक मारली, "अहो, तुमचं इमान बसलं."

दोन्ही पंख वांग्याच्या वाळल्या फोडीसारखे खाली वळले होते. मामांनी ते कोमट पाण्याच्या फडक्याने शेकले, फळ्यांमध्ये दाबले. थोडे सरळ झाले. मी थांबले होते, मामा आता 'प्लास्टिकच खराब होतं' म्हणतील म्हणून. ते म्हणाले नाहीत.

सुट्टीत मला अकोल्याला मावशीकडे जायचं होतं. मामी मामांना म्हणाल्या, "पोरीले संग न्या. परकी पोर जवळ असली तं तुमच्या तोंडाले कुलूप राहीन." फुलांच्या टोपलीत गवतावर विमान ठेवून आम्ही निघालो. गाडीत मामांनी टोपली मांडीवरून खाली ठेवली नाही.

जावई घरीच होता. वच्छीची सासू माजघराच्या दारात बसली होती. तिच्यामागे वच्छीची सावली दिसत होती. जावयाने विमान उचललं, डोळ्यांसमोर आडवं धरलं, नाकावरचा पंखा फिरवून पाहिला.

"पंख वाकले, मामाजी. अन् असं लाल इमान आमच्याकडं एकबी नाही आलं."

या वाक्याला मामांजवळ निदान पाच उत्तरं होती. त्यांनी एकही दिलं नाही. कनवटीची गाठ सोडली. आत कापडात गुंडाळलेलं मुगाएवढं चाक होतं. बिस्किटांच्या डब्यात ते कधी गेलंच नव्हतं.

"हे घ्या," मामा म्हणाले. "फाजील नव्हतं."

जावयाने चाकाकडे पाहिलं. "घड्याळ तं मी मागंच मोडीत देल्लं." मग विमान कोनाड्यात ठेवून त्याने टोपी घातली. "मले ड्युटी हाये. हिले धाडायचं पोळ्यानंतर पाहू." आणि गेला.

मामांनी चाक मुठीत घेतलं. सासू म्हणाली, "पाहुनीले पाणी दे वं." वच्छी माझ्यासाठी पेला घेऊन आली. वडिलांसाठी आणला नव्हता. नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी बाप पीत नाही, आणि मामा तर या बाबतीत फार कडक.

"मले बी आण," मामा म्हणाले.

वच्छी घुटमळली. "बाबा, तुमाले चालते?"

"तहान लागली."

तिने पेला आणला. सासूसमोर तिला बसता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. रिकामा पेला परत न्यायचा म्हणून तेवढं समोर उभं राहता येत होतं. मामा घोट घोट पीत होते. जन्मभर लोट्याने घटाघट पाणी पिणारा तो माणूस. ते पाण्याकडे नाही, पेल्याच्या काठावरून लेकीकडे पाहत होते. तिने हात पुढे केला.

पेला केव्हाच रिकामा झाला होता. मामांनी तो ओठांवरून काढला नाही.